आगाऊ आरक्षण (रेल्वे) : देगलूर परिसर

लांब पल्ल्याच्या गाडीतील जागा आधी पैसे भरून राखून ठेवणे, बोलीत ‘रिझर्वेशन’. देगलूरला (जि. नांदेड) रेल्वे स्थानक नाही, देगलूरवरून जाणाऱ्या नांदेड–बीदर लोहमार्गाची मागणी जुनी आहे. गाडीसाठी नांदेड (रस्त्याने सुमारे ८० किमी), धर्माबाद किंवा उदगीर गाठावे लागते. इतके अंतर एसटीने कापून वेटिंगच्या भरवशावर फलाटावर उभे राहणे कुणाला परवडत नाही. म्हणून तिकीट कन्फर्म असेल तरच रेल्वे, एरवी ट्रॅव्हल्स. हैदराबादला सरळ रस्ता असल्याने प्रश्न मुख्यतः पुण्या-मुंबईचा.

मुदत (प्रवासाच्या किती दिवस आधी आरक्षण खुले होते) : १ मे २०१३ पासून ६० दिवस, १ एप्रिल २०१५ पासून १२० आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून पुन्हा ६० (प्रवासाचा दिवस वगळून). दीर्घ मुदतीत काढलेली बरीच तिकिटे पुढे रद्द होतात, हे कपातीचे एक कारण रेल्वेने दिले. पंचांगाशी ६० दिवसांच्या मुदतीचा मेळ चांगला बसतो. पोळा श्रावण अमावास्येला, लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला. मध्ये अधिक मास नसेल तर अंतर दोन चांद्रमासांचे, म्हणजे सुमारे ५९ दिवसांचे. त्यामुळे दिवाळीला गावी येण्याचे तिकीट बैल सजवण्याच्या सुमारास खुले होते. २०२५ मध्ये १८ ऑक्टोबरच्या प्रवासाचे १९ ऑगस्टला, पोळ्याच्या तीन-चार दिवस आधी झाले. १२० दिवसांच्या काळात हाच निर्णय आषाढ लागण्यापूर्वी, पेरणीच्या धांदलीत घ्यावा लागे. पीक हाती येण्याची खात्री नसताना दिवाळीचा बेत ठरवणे शेतकरी घरांना अवघडच. लग्नाची तारीख मात्र अनेकदा ६० दिवसांच्या आत ठरते. तेव्हा तात्काळचाच आधार.

तात्काळ : आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता, इतरांसाठी ११ वाजता. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तात्काळसाठी आधार-पडताळणी सक्तीची.

चढण्याचे स्थानक : नांदेडहून सुटणाऱ्या गाडीत नांदेडचे तिकीट मिळण्याची शक्यता अधिक. तेलंगणातून येणारी देवगिरी एक्सप्रेस धर्माबादला थांबते, पण मधल्या स्थानकांच्या सामायिक कोट्यातील प्रतीक्षायादी सहसा सावकाश सरकते. पूर्ण वेटिंगमधले ई-तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होते. उदगीरकडे कोट्याचा वाद २०१७ मध्ये पेटला : लातूर–मुंबई गाडी उदगीरमार्गे बीदरपर्यंत नेण्यास लातूरकरांनी विरोध केला, पुढे ती आठवड्यातून तीन दिवस बीदरहून सुटू लागली.

चालू (ऐनवेळचे) तिकीट : बहुधा गाडी सुटण्यापूर्वी, खिडकीवर.