गोरोबाकाकांचे थापटणे

तेरणेकाठचे तेर हे आपल्या कुंभार ज्ञातीचे तीर्थस्थान होय. गोरोबाकाकांच्या समाधीपुढे आपण भक्तिभावाने माथा टेकतो. परंतु काका कोणत्या काळात जगले, याचा विचार आपल्यात फारसा होत नाही, म्हणून हे चार शब्द.

१२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने देवगिरीवर स्वारी केली. त्याच वर्षी आळंदीस ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली. पुढे १३१८ पर्यंत यादवांची सत्ता पुरती लयास गेली. काकांची समाधी परंपरेने १३१७ ची मानतात. म्हणजे राज्य कोसळत असता काका तेरला चाक फिरवीत होते! तरीही या संतांच्या अभंगांत लढायांचे वर्णन शोधू जावे तर फारसे हाती लागत नाही. राजा कोण, यापेक्षा माणसाची योग्यता कशावर ठरते, हाच प्रश्न त्यांना अधिक निकडीचा वाटला असावा.

संतमेळ्याच्या परीक्षेची कथा सर्वश्रुत आहे. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून काकांनी थापटणे उचलले व मडकी पारखावी तशी एकेकाची डोकी पारखली. नामदेव रागावले, त्यांचे मडके कच्चे ठरले. गावगाड्यातील एका बलुतेदाराने ब्राह्मणादी सर्वांची पारख करावी आणि निकष जन्माचा नसून भाजणीचा असावा, ही त्या काळी केवढी धिटाई! शिवाय नामदेवांना पूज्य मानणाऱ्या वारकऱ्यांनीच ही कथा जपली. आपण मात्र ती केवळ ज्ञातीच्या गौरवासाठी सांगतो. आमच्या मते हे कथेचे निम्मेच वाचन झाले.

कारण त्याच मेळ्यातील चोखोबांना विठ्ठलाच्या देवळात प्रवेश नव्हता. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करीत असता ते भिंतीखाली गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या, असे परंपरा सांगते. चोखोबांनी आपले दुःख अभंगांतून स्पष्ट मांडले होते. लोकांनी ते अभंग सहा शतके गाइले, टाळ कुटले, आणि दार बंदच राहिले. साहित्याने संकटाचे आकलन होते, हे खरे. पण कळलेले वळण्यास किती काळ जावा! अखेर मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरास उपोषण केले आणि त्यानंतर ते मंदिर हरिजनांस खुले झाले.

चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीनजीक आहे. तेरहून पंढरीस जाणारे आपले कित्येक ज्ञातिबांधव घाईने तिच्यावरून पुढे जातात.