शेफील्ड क्लबाचें दप्तर

इंग्लंडांतील शेफील्ड फुटबॉल क्लब हा जगांतील सर्वांत जुना फुटबॉल क्लब मानला जातो. नाथॅनियल क्रेसविक व विल्यम प्रेस्ट यांनीं तो ता. २४ ऑक्टोबर १८५७ रोजीं स्थापिला; लंडनची फुटबॉल असोसिएशन १८६३ ची. या प्राचीनत्वास आधार आख्यायिकेचा नसून अस्सल कागदांचा आहे: १८५८ चा नियमांचा हस्तलिखित मसुदा व १८५९ ची छापील नियमपुस्तिका, जिची एकच प्रत ज्ञात आहे. त्या काळीं चेंडू हातानें झेलण्यास मुभा होती, हेंही या नियमांवरूनच कळतें.

हें दप्तर क्लबानें निधीकरितां २०११ च्या जुलईंत लंडन येथें लिलावांत विकलें. ८,८१,२५० पौंड आले. द्रव्य खर्चून जाईल. परंतु घराण्याची सनद परहस्तगत झाल्यावर वंशजांपाशीं काय उरतें, याचा दप्तरें बाळगणारांनीं विचार करावा.