बंब आणि गीझर : एका शब्दांतराचा इतिहास

स्नानासाठी पाणी तापविणे ही घरातील नित्याची क्रिया होय. तिच्या साधनाला मराठीत प्रथम ‘बंब’ व पुढे ‘गीझर’ अशी नावे मिळाली. दोन्ही शब्द परकीय असून एकाचाही मूळ अर्थ ‘पाणी तापविणे’ असा नाही.

‘बंब’ हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’, म्हणजे पाणी उपसण्याचे यंत्र, यावरून आला असे सामान्यतः मानले जाते. ‘आगीचा बंब’ या प्रयोगात तो अर्थ आजही स्पष्ट आहे. न्हाणीघरातील बंब मात्र पाणी उपसत नाही. तांब्याचे उभे भांडे, मधून वर जाणारी नळी, तिच्या तळाशी जाळी आणि बाजूस तोटी, अशी त्याची रचना. नळीत कोळसे, ढलप्या वा करवंट्या पेटविल्या की भोवतीचे पाणी तापते. आग विझविणारे आणि आग पोटात बाळगणारे अशा दोन साधनांना एकच नाव मिळावे, हे अर्थांतराचे लक्षणीय उदाहरण होय.

‘गीझर’ शब्दाचे मूळ आइसलँडमधील ‘गेसिर’ या उष्णोदकाच्या कारंज्यात आहे. उसळणे या अर्थाच्या क्रियापदाशी त्याचा संबंध आहे. 1868 मध्ये लंडनच्या बेंजामिन वॅडी मॉन याने वायूवर चालणाऱ्या आपल्या तापकास हे नाव दिले. अमेरिकेत हा शब्द कारंज्यापुरताच राहिला व त्याचा उच्चार ‘गायझर’ झाला. आपण उचलला तो इंग्लंडमधील उच्चार आणि तेथीलच अर्थ.

मॉनच्या यंत्रात ज्वलनातील वायू बाहेर नेणारे धुराडे नव्हते. पुढे 1889 मध्ये पिट्सबर्ग येथे एडविन रूड या नॉर्वेत जन्मलेल्या अभियंत्याने पाणी साठवून आपोआप तापविणारे यंत्र सिद्ध केले. आजच्या साठवणीच्या गीझरची परंपरा येथून सांगता येते.

शब्द बदलला तेव्हा त्याच्याबरोबरचे वस्तुज्ञान मात्र पुढे आले नाही. पाणी भरल्यावाचून बंब पेटवू नये, नाहीतर सांध्याचा डाख सुटतो. जाळीखालची राख रोज काढावी. न्हाणीघराचा झरोका उघडा ठेवावा. दिवाळीपूर्वी बंब चिंचेने घासावा. हे घरातील लहान मुलांसही ठाऊक असे. गीझर भिंतीवर उंच टांगलेला, बंद पेटीत असतो. त्यामुळे त्याची निगा घरच्यांच्या बोलण्यात येतच नाही.

वस्तुतः नियम तेच आहेत. टाकी भरल्याची खात्री झाल्यावाचून वीज सुरू करू नये. राखेच्या जागी आता क्षार आहेत: पाणी जड असेल तर ते तापकावर थर धरतात, म्हणून टाकी वेळोवेळी धुवून घ्यावी. पोलादी टाकीतील मॅग्नेशियमची दांडी स्वतः झिजून टाकीचा गंज टाळते. ती संपण्यापूर्वी बदलावी. दाब सोडणारी झडप कधीही बंद करू नये. निवड करताना बादलीभर पाण्यास तत्काळ तापविणारे, तर मोठ्या कुटुंबास साठवणीचे साधन सोयीचे. वायूचा गीझर घ्यावयाचा असल्यास झरोक्याचा नियम प्राणांतिक महत्त्वाचा ठरतो. कोंदट न्हाणीघरात साठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. बंबाचा धूर निदान डोळ्यांना झोंबत असे.

कोशकार ‘गीझर’पुढे ‘पाणी तापविण्याचे यंत्र’ एवढेच लिहून थांबतो. वस्तुवाचक शब्दांची नोंद करताना त्यांच्या वापराची व निगेची परिभाषाही टिपली पाहिजे. बंब वापरलेली पिढी आज वृद्ध आहे. बंबाच्या संदर्भात तरी हे काम लांबणीवर टाकता येणार नाही.