एक सेमिकोलन आणि साठ पोरं: कोड सुधारणाऱ्या एडिटरचा इतिहास

कोल्हापुरातल्या एखाद्या इंजिनिअरिंग कॉलेजची लॅब डोळ्यांसमोर आणा. सी भाषेचा पहिला आठवडा. एक कंस बंद करायचा राहिला आणि स्क्रीनवर एररची रांग लागली. सर एक, पोरं साठ. नेमकी चूक दाखवणार कोण?

‘मशीनलाच दुरुस्त करू दे की!’ ही कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत वॉरन टाइटलमन यांनी लिस्प भाषेसाठी ‘ड्विम’ बनवलं. अर्थ काय, तर ‘मला जे म्हणायचंय ते कर’. स्पेलिंग चुकलं की ते अंदाजानं सुधारायचं.

पण अंदाज चुकला तर? झेरॉक्स पार्कमधला एक किस्सा प्रोग्रामर अजून सांगतात. एकानं फक्त बॅकअप फाइल्स पुसायची कमांड दिली. तशा फाइल्स नव्हत्याच. ड्विमनं ठरवलं, याला सगळ्याच पुसायच्या असणार! आणि पुसायला सुरुवातही केली. गड्यानं घाईनं मशीन थांबवलं, म्हणून थोडक्यात निभावलं.

आजच्या एडिटरमध्ये बल्ब पेटतो, पण क्लिक आपण करायचं असतं.

आता २०१७ मध्ये येऊ. बेंगळुरूच्या आयआयएससीमध्ये राहुल गुप्ता, सोहम पाल, आदित्य कानडे आणि शिरीष शेवडे यांनी ‘डीपफिक्स’ मांडलं. यातल्या कानडेंची पीएचडी आपल्या आयआयटी मुंबईची. विद्यार्थ्यांचे कंपाइल न होणारे ६,९७१ सी प्रोग्राम त्यांनी तपासायला घेतले. न्यूरल नेटवर्क चुकीची ओळ आणि तिची दुरुस्ती सुचवायचं. मग कंपायलर पंच व्हायचा: एरर कमी झाले तर दुरुस्ती ठेवा, नाहीतर फेका. पुन्हा पुढची चूक. असं करत २७ टक्के प्रोग्राम पूर्ण सुधारले, आणखी १९ टक्के अर्धवट.

म्हणजे खरी सुधारणा कशात झाली? सुचवणाऱ्यावर आंधळा विश्वास न ठेवता प्रत्येक सूचना तपासून घेण्यात.

पण या पंचालाही मर्यादा आहे बरं का. समजा, तुम्ही दूध संस्थेचं दहा दिवसांचं बिल काढताय आणि लूप नवव्या दिवशीच थांबला. कंपायलर खूश, एरर शून्य! पण शेतकऱ्याचे एका दिवसाचे पैसे गेले ना?

तेव्हा बल्ब पेटला की आधी ओळ वाचा, मग क्लिक करा. शेवटचा पंच तुम्हीच. भेटू पुढच्या भागात!