किर्लोस्कर खबर
किर्लोस्कर खबर हे तत्कालीन औंध संस्थानातील किर्लोस्करवाडी येथील किर्लोस्कर कारखान्याने इ.स. १९२० मध्ये सुरू केलेले मराठी मासिक होते. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर हे त्याचे संपादक होते.

पार्श्वभूमी
लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे सुरुवातीस शेतकरी कारखान्याचे नांगर घेण्यास कचरत. त्यामुळे माल विकण्याआधी ग्राहकाचा विश्वास मिळवणे आवश्यक होते.

स्वरूप
कारखान्याच्या वार्तांपासून सुरू झालेल्या या मासिकात पुढे कथा, लेख व व्यंगचित्रे यांना महत्त्व आले. संपादक स्वतः चित्रकार होते. इ.स. १९२९ मध्ये नावातील ‘खबर’ वगळून ते ‘किर्लोस्कर’ झाले. त्यानंतर ‘स्त्री’ (१९३०) व ‘मनोहर’ (१९३४) ही मासिके निघाली.