ठाणे–लंडन : हवाई अंतर व प्रवासकाळ

ठाणे व कल्याण-डोंबिवली शहरांत प्रवासी विमानतळ नाही. कल्याणजवळ नेवाळीला दुसऱ्या महायुद्धातली लष्करी धावपट्टी होती, पण तिथे नागरी विमानतळ झाला नाही. त्यामुळे इथल्या प्रवाशाचे लंडनचे अंतर मुंबईच्या सहार विमानतळापासून धरतात. पृथ्वीगोलावरील सर्वांत जवळच्या मार्गाने ते सुमारे ७,२०० किमी भरते. थेट विमानाला जाताना साधारण साडेनऊ-दहा तास लागतात. येताना तासभर कमी, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे उंचावरचे वेगवान वारे परतताना पाठीशी असतात. एखाद्या देशाची हवाई हद्द बंद असली की वळसा पडतो आणि वेळ वाढतो. लंडनचे घड्याळ हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार तास मागे असते.

सुरुवातीला हा प्रवास थेट नव्हता. एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघाले, ते कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत लंडनला पोहोचले.

तिकिटावरचा प्रवासकाळ मात्र डोंबिवलीकराला अपुराच. मध्यरात्रीनंतरच्या विमानासाठी भाजणी-मेतकुटाची बॅग शेवटची वजनकाट्यावर ठेवून तो रात्री आठलाच घर सोडतो. शिळफाट्याची कोंडी हिशोबात धरावीच लागते.