खुर्ची उरली, सुतार हरवला

हिंगोलीत आमच्या नात्यातल्या एका जुन्या वाड्याची गेल्या वर्षी वाटणी झाली. पितळी हंडे, देगा, कपाटं, पलंग, सगळ्याची यादी झाली. ओसरीवरच्या दोन वेताच्या खुर्च्या मात्र कुणीच मागितल्या नाहीत. एकीचा वेत फाटला होता, दुसरीचा हात निखळला होता. जुना माल घेणाऱ्याने त्या टेम्पोत चढवल्या आणि जाता जाता म्हणाला, “इंग्रजांच्या आहेत, मुंबईत चांगल्या खपतील.”

खुर्च्या गेल्या, पण ते वाक्य डोक्यात राहिलं. इंग्रजांच्या म्हणजे नेमक्या कुणाच्या?

त्यांची घडण मला आठवते. पुढचे पाय सरळ, खाली निमुळते होत गेलेले, त्यांवर उभे चर. पाठ चौकोनी, तीत उभ्या पट्ट्या. नक्षीची गर्दी कुठेच नाही. डावी बाजू जशी, तशीच उजवी. फर्निचरच्या इतिहासात या घडणीला नवअभिजात शैली म्हणतात.

तिची सुरुवात इटलीतल्या राखेतून झाली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने हर्क्युलेनियम आणि पॉम्पेई ही रोमन शहरं गाडून टाकली होती. १७३८ मध्ये हर्क्युलेनियमचं आणि १७४८ मध्ये पॉम्पेईचं उत्खनन सुरू झालं. भिंतींवरची चित्रं, कलश, दिवे, अगदी कोळसा झालेलं लाकडी सामानही वर आलं. युरोपातल्या श्रीमंतांना तोवर बाकदार पायांच्या, शिंपल्या-वेलींनी मढवलेल्या खुर्च्या आवडत होत्या. आता सरळ रेषा, प्रमाणबद्धता, कलश आणि पानांच्या माळा यांचं वेड लागलं. इंग्लंडमध्ये रॉबर्ट ॲडम या वास्तुविशारदाने ते घराघरांत नेलं. पुढे ग्रीक मातीच्या भांड्यांवरची चित्रं पाहून बाहेर वळलेल्या पायांच्या खुर्च्याही बनू लागल्या. मूळ ग्रीक खुर्ची एकही शिल्लक नव्हती. कारागिरांनी ती चित्रावरून पुन्हा घडवली.

ही शैली दूरवर पोचली ती छापील नमुन्यांमुळे. लंडनचा सुतार जॉर्ज हेपलव्हाइट १७८६ मध्ये वारला. दोन वर्षांनी त्याच्या विधवेने त्याच्या आराखड्यांचं पुस्तक छापलं. १७९१ पासून थॉमस शेरेटनचं पुस्तक येऊ लागलं. हेपलव्हाइटने स्वतः घडवलेली म्हणून खात्रीने दाखवता येईल अशी एकही वस्तू आज जगात नाही. तरी ढालीच्या आकाराची पाठ दिसली की जाणकार ‘हेपलव्हाइट’ म्हणतात. खुर्ची हरवली, नाव उरलं.

हिंगोलीपर्यंत ही शैली कशी आली असेल? वाट हैदराबादवरून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेसिडेंट जेम्स अकिलिस कर्कपॅट्रिक याने तिथे उंच खांबांची रेसिडेन्सी उभारली. खैरुन्निसा बेगमशी निकाह करणारा तो हाच. ती इमारत नवअभिजात वास्तुशैलीचा दख्खनमधला ठळक नमुना आहे. पुढे रेसिडेंट झालेल्या हेन्री रसेल याच्या नावाने निघालेल्या ‘रसेल ब्रिगेड’मधून हैदराबाद कंटिन्जंट ही फौज वाढली. निजामाच्या तिजोरीवर पोसलेली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची. हिंगोली ही तिची एक छावणी. १९०३ मध्ये ही फौज इंग्रजांच्या हिंदुस्थानी लष्करात विलीन होईपर्यंत इथे गोऱ्या अधिकाऱ्यांचे बंगले होते.

लष्करी अधिकाऱ्याचं बिऱ्हाड फिरतं. म्हणून त्याचं सामानही तसंच असे: पाय फिरवून काढता येणारी मेजं, दोन तुकड्यांत वेगळ्या होणाऱ्या पेट्या, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. बदली झाली की पुष्कळ सामान लिलावात निघे. जे कमी पडे ते स्थानिक सुताराकडून, नमुना दाखवून करून घेत.

हा सुतार गावगाड्यातला बलुतेदार. औत, वखर, तिफण, बैलगाडी हे त्याचं काम. त्याने लंडनचं पुस्तक पाहिलेलं नव्हतं, पण समोरची खुर्ची त्याला वाचता येत होती. आणि त्याच्या जातीच्या लोकांनी ती फक्त उतरवली नाही, बदलली. विलायती कारागीर साध्या लाकडावर महागड्या लाकडाचा पातळ पापुद्रा सरसाने चिकटवत. इथल्या पावसाळ्यात तो सुटे. म्हणून इथे भरीव सागवान आलं. किनवटचं सागाचं जंगल काही फार लांब नाही. गादीच्या बैठकीत उन्हाळ्यात घाम आणि किडे. म्हणून वेताची जाळी आली, वारा खेळू लागला. रोमन कलश जिथे कोरायचा तिथे एखादं कमळ आलं असेल, तर त्यात नवल नाही.

नावांचा प्रवास तर उलट्या दिशेने झालेला आहे. ‘खुर्ची’ अरबी ‘कुर्सी’तून आली. ‘दिवाण’ फारसीचा. इंग्रजीतला ‘सोफा’ अरबी ‘सुफ्फा’वरून गेला. मस्जिद-ए-नबवीच्या ज्या ओट्यावर बेघर, गरीब सहाबा राहत, तोही सुफ्फाच. दिवाणखान्यातल्या मखमली सोफ्याचं नाव फकिरांच्या ओट्याशी नातं सांगतं.

पण खुर्ची नुसती बसायची वस्तू नव्हती. उत्तर हिंदुस्थानात इंग्रज अधिकारी मर्जीतल्या लोकांना ‘कुर्सीनशीन’ असल्याची सनद देत. साहेबासमोर बसण्याचा हक्क कागदावर मिळे. आपल्याकडेही कचेरीत खुर्चीवर साहेब आणि जमिनीवर रयत, हे चित्र जुन्या माणसांनी पाहिलेलं आहे. ज्याने खुर्ची घडवली, त्याला तीवर बसा म्हणणारं कुणी नव्हतं.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झालं. १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या. मराठवाड्यातल्या कित्येक ड्योढ्या आणि वाडे रिकामे झाले, घरं विखुरली. मागे राहिलेलं सामान जळणात, भंगारात किंवा बाजारात गेलं. आज मोठ्या शहरांतल्या दुकानांत अशा खुर्चीवर ‘कलोनियल’ एवढी एकच चिठ्ठी असते. त्या एका शब्दात छावणी मावते, साहेब मावतो. हिंगोलीचा सुतार मावत नाही. विकत घेणाऱ्याला वाटतं, ही विलायतेहून आली.

हेपलव्हाइटची खुर्ची नाही, नाव आहे. आपल्याकडे खुर्च्या आहेत, नावं नाहीत. फरक कौशल्याचा नाही, कागदाचा आहे. त्याच्यामागे आराखडे छापून घेणारी बायको होती. आपल्यामागे कोण आहे?

म्हणून सांगणं इतकंच. घरात जुनी खुर्ची, मेज, पलंग असेल तर विकण्याआधी एक काम करा. त्याचा फोटो काढा, पाय उलटे करून जोड पाहा, आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला विचारा, हे कुणी केलं होतं? उत्तर मिळालं तर लिहून ठेवा. मी हा प्रश्न विचारायला एक वर्ष उशीर केला. टेम्पो निघून गेला होता, आणि ज्या नानीला ते माहीत असतं, ती त्याच्याही आधी गेली होती.